हनीफने न बांधलेला कर्नेल

हनीफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. "चौधरी सर का? मी नाझनीन बोलते, धुळ्याहून. कॉम्प्युटरवाल्या हनीफभाईंची मुलगी. अब्बा आज सकाळी गेले. त्यांच्या डायरीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवलं." हार्ट अटॅक होता. दफन संध्याकाळी, असरच्या नमाजनंतर. तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. जळगावहून धुळ्याला जायला अडीच तास पुरतात... मी पोचू शकलो असतो. मी दात काढून घेतला, कापसाचा बोळा दाबत घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "आता अशा तोंडाने प्रवास कसा करायचा?" तिने मला जा म्हटलेलंच नव्हतं.

याला आता सहा आठवडे झाले. हनीफवर लिहायचा अधिकार मला नाही हे मी जाणतो. पण जे लिहायचं आहे ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, आणि मी पंच्याहत्तरीला टेकलो आहे.

जळगावजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणक विभागाचा प्रमुख होतो. हनीफ आमच्या लॅबचा तंत्रज्ञ. हंगामी, दर जूनमध्ये त्याची ऑर्डर नव्याने निघायची. गाव एरंडोल. वडील भांड्यांना कल्हई करायचे. हा आयटीआय करून आमच्याकडे लागला आणि रोज एसटीने ये-जा करू लागला. विद्यार्थी त्याला हनीफभाई म्हणत. अडलं की ते आधी त्याच्याकडे जात आणि मग, माझा मान राखायचा म्हणून, माझ्याकडे.

त्या वर्षी लॅबमध्ये वीस नवी मशीनं आली. एकाच चिपमध्ये दोन कोअर, म्हणजे एका मशीनला जणू दोन मेंदू. मी खूश होतो. हनीफ दोन दिवस त्यांच्यासमोर बसला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, दोन चुली पेटवल्यात, पण सगळा स्वयंपाक एकाच चुलीवर चाललाय." खरंच तसं होतं. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तो आमच्याकडे जुन्या, एका प्रोसेसरच्या मशीनसाठी बांधलेला होता. दुसरा कोअर आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. लिनक्सचा कर्नेल आपल्याला हवा तसा पुन्हा बांधता येतो. बांधण्याआधी एक लांबलचक यादी समोर येते: प्रोसेसर किती, कोणत्या जातीचे, काम त्यांच्यात कसं वाटायचं, डिस्क कोणत्या प्रकारची, नेटवर्क कार्ड कोणतं... शेकडो पर्याय. प्रत्येकापुढे हो, नाही किंवा 'लागेल तेव्हा' अशी खूण करायची. बहुतेक लोक अंदाजाने खुणा करत पुढे जातात. हनीफने डिक्शनरी शेजारी ठेवून प्रत्येक पर्यायाची माहिती वाचली होती.

त्याची एक पद्धत होती. एका वेळी एकच खूण बदलायची, ती वहीत लिहायची, कर्नेल बांधायचा, एका नव्या आणि एका जुन्या मशीनवर चालवून बघायचा. मशीन सुरू होताना कर्नेलच्या नावांची यादी येते. तिच्यातलं जुनं नाव कधीही काढायचं नाही, म्हणजे नवा फसला तर जुन्यावर परतता येतं. एकदा बांधायला तास-दीड तास लागायचा. मी वैतागून म्हणालो, "अरे, चार बदल एकदम कर ना!" तर म्हणाला, "अब्बा सांगायचे सर, दोन भांडी एकदम भट्टीवर धरली की एक काळं पडतंच." पंधरवड्याने त्याचं काम पूर्ण झालं. दोन्ही कोअर चालू लागले. पोरांचे मोठे प्रोग्रॅम जवळजवळ निम्म्या वेळात सुटू लागले.

त्यानंतर धुळ्याच्या एका कार्यशाळेत मी यावर व्याख्यान दिलं. विषय माझा, नाव माझं. हनीफ प्रोजेक्टर सांभाळत होता. शेवटी मी 'तांत्रिक साहाय्याबद्दल' त्याचे आभार मानले. टाळ्या चांगल्या पडल्या. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "मस्त बोललात सर. फक्त पहिल्या प्रश्नाला तुम्ही जे उत्तर दिलं ना, ते उलटं होतं." हसत म्हणाला, त्यात खोच नव्हती. पण मला ते लागलं. लोक मला तज्ज्ञ म्हणू लागले होते, आणि मी स्वतः एकही कर्नेल बांधला नव्हता.

मार्च-एप्रिलची गोष्ट. सोमवारी विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, परीक्षक नाशिकहून येणार होते. रविवारी हनीफच्या धाकट्या बहिणीचा, रुखसानाचा, भडगावला साखरपुडा होता. शनिवारी निघताना तो म्हणाला, "लॅब तयार आहे सर. सोमवारी येतोच मी. तेवढं कशाला हात लावू नका बरं का!" मी म्हणालो, "जा रे बाबा, पेढे घेऊन ये."

रविवारी सकाळी मी एकटा लॅबमध्ये गेलो. मला एक नेटका, फक्त नव्या मल्टिकोअर मशीनसाठी बेतलेला कर्नेल बांधायचा होता. परीक्षकांना अभिमानाने दाखवावा असा. मी यादी उघडली आणि नव्या मशीनला जे जे लागत नाही असं वाटलं, ते ते काढत गेलो. तीस-चाळीस खुणा एका बैठकीत बदलल्या. त्यात जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पर्यायही 'नाही' केला. लॅबमध्ये त्याच डिस्कची बारा जुनी मशीनं दुसऱ्या रांगेत उभी होती, ती माझ्या मनातच आली नाहीत. माझ्या समोरच्या नव्या मशीनवर कर्नेल झकास चालला. मग मी हनीफच्याच प्रोग्रॅमने तो नेटवर्कवरून सगळ्या मशीनवर पाठवला. आणि सुरुवातीच्या यादीत चार-चार नावं दिसतात ते गबाळं वाटतं म्हणून जुनी नावं पुसून टाकली. दुपारी घरी येऊन मी पोटभर जेवलो, झोपलो.

सोमवारी सकाळी आमचे शिपाई दगडूनाना धावत आले. "सर, तिकडली लाइन बठ्ठी बंद शे!" दुसरी अख्खी रांग, बाराही जुनी मशीनं, काळ्या पडद्यावर दोन-चार ओळी दाखवून थिजली होती. त्यांना स्वतःची डिस्कच सापडत नव्हती, आणि परतायला जुना कर्नेल मी ठेवला नव्हता. बाहेर मुलं रांगेत उभी. तेवढ्यात हनीफ आला. अंगात कालचाच नवा कुर्ता, हातात पेढ्यांचा खोका. त्याने खोका टेबलावर ठेवला, एका जुन्या मशीनसमोर वाकून पाहिलं, मग एका नव्या मशीनवर जाऊन काहीतरी टाइप केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग खिशातून सीडी काढून एकेक मशीन उठवायला बसला. चार तास लागले. एका तुकडीची परीक्षा पुढे ढकलावी लागली. पेढ्यांचा खोका संध्याकाळपर्यंत तसाच बांधलेला होता.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. परीक्षकांचा शेरा त्यांच्यासमोर होता. "हे झालं कसं?"

हनीफ म्हणाला, "साहेब, शनिवारी सगळी मशीनं चालू होती. रविवारी मी भडगावला होतो."

"म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्ही लॅब सोडून गेलात?" मग माझ्याकडे वळून, "चौधरी, हे काम कुणाकडे असतं?"

मी म्हणालो, "कर्नेलचं काम हनीफच बघतो."

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तेच मी पुढे किती वर्षं स्वतःला सांगत आलो. हनीफने माझ्याकडे बघितलं. तो वाट बघत होता, हे मला तेव्हाही कळलं होतं... मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी जायचा होता. तो गेला नाही, आणि जूनमध्ये त्याची ऑर्डरही निघाली नाही. त्याने एरंडोल सोडलं आणि धुळ्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं.

दहा-अकरा वर्षांनी एका लग्नासाठी मी धुळ्याला गेलो होतो. रस्त्यावरून चाललो असताना हाक आली, "ओ चौधरी सर!" दाढी पांढरी झाली होती, हसणं तेच. त्याने मला आत बसवलं, चहा सांगितला, गुडघ्यांची चौकशी केली. मग समोरच्या मशीनवर दोन शब्द टाइप करून पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा सर, गंमत. कर्नेल ज्याने बांधला त्याचं नाव कर्नेलमध्येच राहतं. पहिल्याच ओळीत. हा बघा, हनीफ." मी पडद्याकडे पाहत राहिलो. तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी तिथे चौधरी होतं."

मी विचारलं, "मग प्राचार्यांना दाखवलं का नाहीस?"

"त्यांना त्यातलं काय कळणार होतं सर? आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. आज नाही तर उद्या. जूनपर्यंत वाटत होतं."

मी त्याला शब्द दिला की महाविद्यालयाला लेखी कळवीन. तो म्हणाला, "लिहा सर. उशिरा का होईना, बरं वाटेल." मी जळगावला परत आलो. कागद घेतला, तारीख घातली. पण तोवर मी निवृत्त झालो होतो आणि विभागात माझ्या नावाने एक पारितोषिक सुरू झालं होतं. हुशार विद्यार्थ्याला दरवर्षी माझ्याच हस्ते देत. तो कागद तारखेपुढे गेला नाही. हनीफने दर ईदला फोन केला. पत्राचं एकदाही विचारलं नाही. मला मात्र त्याचं नाव फोनवर दिसलं की तो कागद आठवे, आणि दोन वेळा तर मी फोन उचललाच नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मी धुळ्याला गेलो. नाझनीन तिथे कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते. तिच्यासमोर आणि तिच्या आईसमोर मी सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. नाझनीनने आईच्या मागे दार लोटलं. मग म्हणाली, "सर, आमच्या घरात सगळ्यांना वेगळंच माहीत आहे. परीक्षा सोडून अब्बा साखरपुड्याला गेले म्हणून नोकरी गेली, असं. रुखसाना फूफी आजही म्हणते, माझ्यापायी भाईचं वाटोळं झालं. अब्बा म्हणायचे, तसं नाही गं. पण मग कसं, ते काही सांगायचे नाहीत."

माझ्या हातून एकाच माणसाचं नुकसान झालं अशी माझी समजूत होती.

"मला सांगून काय उपयोग?" नाझनीन म्हणाली. "फूफीला सांगा. फोनवर नको. जा."

गेल्या आठवड्यात मी महाविद्यालयाला पत्र दिलं. घडलं ते लिहिलं, पारितोषिकावरचं माझं नाव काढा असंही लिहिलं. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. दुसऱ्या दिवशी भडगावची एसटी धरली.

रुखसानाबाईंचं घर गिरणा नदीच्या बाजूला आहे. मिस्टरांचं टायर-पंक्चरचं दुकान, दोन मुलं त्यातच. त्या घरी एकट्याच शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर पाणी दिलं. मी सांगू लागलो आणि त्यांचं मशीन थांबलं. कर्नेल, कोअर, डिस्क, यातलं त्यांना काही समजावत बसलो नाही. एवढंच म्हणालो, की भाई कामाला चोख होता, बिघाड मी केला आणि नाव त्याच्यावर जाऊ दिलं.

त्यांनी विचारलं, "त्या दिवशी भाई इथं आलेच नसते, तर?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलून त्यांना हलकं करता आलं असतं. मी म्हणालो, "तर त्याने माझा हात धरला असता. पण निघताना तो मला सांगून गेला होता, कशाला हात लावू नका. मी लावला."

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "माझी सासू मरेपर्यंत म्हणायची, हिचा पायगुण असा, घरात यायच्या आधीच भावाची नोकरी खाल्ली. भाई ईदला यायचे तर मी त्यांना वाढताना वर बघायची नाही. ते म्हणायचे, रुख्सू, बघ तरी माझ्याकडे... अठरा वर्षं सर. आणि तुम्ही तिकडं जळगावला होता. दोन तासांवर."

मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात नका जोडू. सासू तर गेली, तिला आता कोण सांगणार? पण हे आणि पोरं पाच वाजता येतील. तेव्हा परत सांगा. सगळं, पहिल्यापासून. मी सांगितलं तर म्हणतील, भाऊ गेला म्हणून रचून सांगते."

पाच वाजेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं, मध्ये चहा दिला. दाराकडून ऊन यायला लागलं म्हणून मी उठून खिडकीखालच्या खुर्चीकडे वळलो, तर मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिथं नका बसू. भाई आले की तिथं बसतात."

मी उन्हातच बसलो. मुलं आली, हातपाय धुऊन कॉटवर बसली. मिस्टर उंबऱ्यापाशी टेकले. खिडकीखालची खुर्ची कुणी घेतली नाही. रुखसानाबाई मशीन बंद करून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"हं सर," त्या म्हणाल्या. "सांगा यांना."