तेरा नंबरचं पान

वडगाव रासाईत माया ओव्हाळला माया म्हणून हाक मारणारी माणसं तिच्या वस्तीतलीच. बाकी सगळं गाव तिला आशाताई म्हणतं. आशा हे तिचं नाव नाही, सरकारी काम आहे. बारा वर्षं घरोघर फिरून गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, पोरांचे डोस चुकू द्यायचे नाहीत, कोण खोकतंय, कोणाला ताप आहे ते लिहून न्यायचं. प्रशिक्षणात तिला गोड बोलायला शिकवलं होतं. तो गोडवा पहिल्या दोन-तीन वर्षांतच संपला. वरच्या आळीतल्या बायका तिला ओट्यावर बसवायच्या, मान डोलवायच्या आणि तिची पाठ फिरली की गोळ्यांचं पाकीट गोठ्यातल्या कोनाड्यात टाकायच्या. कोणाच्या गोठ्यात कोनाडा कुठं आहे, हे मायाला पाठ होतं.

सगळ्यात मोठा कोनाडा साखरबाईंचा. साखरबाई म्हणजे सोसायटीच्या मारुतरावांची बायको. त्यांच्या छातीत गाठ होती. मायानं चार वेळा सांगितलं, शिरूरला दाखवून या. चौथ्या वेळी साखरबाई म्हणाल्या, "दुखत न्हाई ती गाठ कसली? आन् तू काय डॉक्टर हाईस व्हय?"

पाचव्या वेळी माया गेली ती मुळातच फणकाऱ्यात. पिशवीतून वही काढताना एक काळा डबा खाली पडला, उघडला आणि पत्ते फरशीभर झाले. मायाचा नवरा रांजणगावच्या एका छपाई कंपनीत कामाला. परदेशातल्या कोणाची तरी ऑर्डर होती, भविष्य बघायच्या पत्त्यांची. टॅरो म्हणतात त्याला. पत्त्यांवर नुसती भुतं, प्रेतं, कवट्या. एका कडेला शाई फिकट आली म्हणून बाद झालेला एक जोड त्यानं घरी आणला. मायाला त्यातल्या चित्रांशी काही देणंघेणं नव्हतं. डबा मजबूत होता, रक्ताच्या काचपट्ट्या ठेवायला बरा पडेल म्हणून तिनं तो पिशवीत टाकला होता. आतले पत्ते फेकायचे राहून गेले होते.

"हे काय गं?" साखरबाई मागं सरकल्या. त्यांच्या पायाशी पडलेल्या पानावर एका बाईची छाती उभी फाटली होती आणि आतून किडे बाहेर येत होते.

मायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे तुम्ही," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी साखरबाई शिरूरला होत्या, आठवड्यात पुण्याला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. परत आल्यावर साखरबाईंनी आळीत सांगितलं, आशाताईच्या पत्त्यांनी वाचवलं. चार वेळा दारात येऊन गेलेल्या बाईचा त्या गोष्टीत कुठं उल्लेख नव्हता.

मग काय, रांगच लागली. ज्यांनी तिला कधी ओट्याच्या आत घेतलं नाही, त्या बायका तिच्या घरात येऊन मांडी घालून बसू लागल्या. मायाला पत्त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, डब्यातलं माहितीपत्रक इंग्रजीत. पण तिच्याकडं बारा वर्षांच्या वह्या होत्या. कोणाची टीबीची गोळी मध्येच बंद आहे, कोणाच्या पोरीचा डोस राहिलाय, सगळं तिला माहीत. ती पान उलटायची आणि अंगावर ओरडायची. एका पायावर लटकलेला, आतडी लोंबणारा माणूस निघाला की म्हणायची, "हा तुझा नवरा. खोकतोय न्हवं? गोळ्या सुरू कर, न्हाईतर असाच लटकंल." बायका रडायच्या, पाया पडायला वाकायच्या. ती पाय मागं घ्यायची. वर्षभरात वरच्या आळीत एक डोस चुकला नाही. मायाला मात्र या बायकांचा पूर्वीपेक्षा जास्त राग येऊ लागला. तिचं ऐकत नव्हत्या त्या, आणि छापलेल्या मढ्याचं ऐकत होत्या.

तिच्या वस्तीत हे कळायला वेळ लागला नाही. कोंडिबा आबा तिचे चुलत सासरे, विहाराचे जुने कार्यकर्ते. विहार उभा राहिला तेव्हा विटा वाहिलेला माणूस. ते घरी आले, डबा मागितला, चष्मा लावून पत्ते मोजले.

"अठ्ठ्याहत्तर हायती," ते म्हणाले. "त्यातली नंबराची मोठी बावीस. आपुन बावीस प्रतिज्ञा घेतल्या माया, आन् तू बावीस भुतं घरात आणलीस."

"आबा, त्याच्यानं बाया दवाखान्यात जात्यात."

"भ्यानं जात्यात. आपल्याला बी आसंच भ्यान ठिवलं व्हतं की पिढ्यान् पिढ्या."

आबांचं खरं होतं. रविवारी विहारासमोर सगळ्यांदेखत तिनं डबा पेटवला. पान न् पान जळालं. परत हे करणार नाही, असं तिनं हात जोडून सांगितलं आणि तिला फार दिवसांनी मोकळं वाटलं.

पुढच्याच महिन्यात अमावास्येला ती साखरबाईंच्या घरी गेली. त्यांची सून तेजश्री आठव्या महिन्यात होती. खाटेवर पडली होती, तोंड सुजलेलं, कपाळ दाबून धरलेलं. मायानं उपकेंद्रातलं बीपीचं मशीन लावलं. एकशे सत्तर. खालचं एकशे दहा. पुन्हा लावलं, तेवढंच.

"काकी, आत्ताच्या आत्ता न्यायला पायजे."

"मशीनचं सेल उतरलं असत्याल," साखरबाई म्हणाल्या. "आज अमावास्या. उद्या उजाडलं की नेऊ."

"उद्यापर्यंत झटका ईल तिला."

"मग पत्ता काढ. पत्त्यात आलं तर ह्या घडीला गाडी काढाय लावते."

"पत्ते जाळले. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग राहू दे उद्यावर."

तेजश्री डोळे चोळत म्हणाली, "ताई, तुम्ही मला दोन दोन दिसताय."

माया खाटेपाशी उभी राहिली. विहारासमोर जोडलेले हात तिला आठवले, आबांचा चष्मा आठवला. वरच्या आळीत बोललेलं तासाभरात वस्तीत पोचतं, हेही तिला माहीत होतं. आणि मग ती आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलली.

"एक पान मी मागं ठिवलं व्हतं. सकाळी काढलं तवा निघालं. तेरा नंबरचं. घोड्यावर बसलेली हाडांची नवरी." साखरबाईंचा चेहरा उतरला, तशी ती आणखी जवळ सरकली. "तेरावा कशाचा असतोय, मी सांगाया पायजे व्हय? गाडी काढा, न्हाईतर तेराव्याला आचारी बघा."

मारुतरावांनी दारातच हे ऐकलं. ते चप्पल न घालता गाडीत बसले. वाटेत न्हावरं गाव मागं टाकल्यावर तेजश्रीला झटका आला, पण तोवर शिरूर जवळ आलं होतं. ऑपरेशन झालं. पोरगी झाली, दीड किलोची, काचेच्या पेटीत ठेवली. दोघी जगल्या.

रविवारी वंदनेला विहार भरला होता. दर रविवारी वंदना माया घ्यायची. ती पुढं जाऊ लागली तशी कोंडिबा आबांनी हात आडवा केला.

"एक पान ठिवलं व्हतंस?"

नाही म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण हेही संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत गेलं असतं. त्या दिवशी पोरीची पाचवी होती. पाचवी घरातच पुजायची म्हणून साखरबाई काल रात्रीपासून पोरीला पेटीतून काढून आणायच्या मागं लागल्या होत्या. पान खोटं होतं असं त्यांना कळलं, तर डॉक्टरला त्या कशाला जुमानतात.

"व्हय, आबा. ठिवलं व्हतं."

"आण. हितं जाळू."

"देणार न्हाई."

आबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "आजपासनं वंदना करुणा घील," ते म्हणाले. "तू मागं बस. आन् माझ्या दारात येऊ नगं." बायकांनी आपापली चटई ओढून घेतली. ज्या करुणाला मायानंच एकेक गाथा म्हणायला शिकवली होती, तिनंही मान फिरवली. आयुष्यात आपली अशी माणसं एवढीच, आणि तीही गेली, असं मायाला वाटलं.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. साखरबाई. सगळे बघत होते. तिनं फोन कानाला लावला.

"आशाताई, आज पाचवी. डॉक्टर म्हणतोय पंधरा दिस हलवायचं न्हाई. पान काय म्हणतंय?"

मायानं आबांकडं बघितलं. मग सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डॉक्टर कमी सांगतोय, काकी. पान वीस म्हणतंय."