नानांचं पिंप

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही नानांना ओळखत नव्हतात.

वारज्याच्या आमच्या रो-हाउसमागे छोटं तळं होतं. आयटीतल्या पहिल्या बढतीनंतर हौसेनं बांधलेलं, त्यात नऊ कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे. पाणी गाळायला नानांनी — माझ्या वडिलांनी — एका निळ्या पिंपात विटांचे तुकडे, वाळू आणि कोळसा भरून फिल्टर केला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जन्म काढलेला माणूस, हात स्वस्थ बसायचे नाहीत. पिंप नळाच्या पाण्यानं धुवायचं नाही, त्यातल्या औषधानं आतले चांगले जंतू मरतात, हे त्यांनी मला दहादा बजावलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

मला परदेशी फिल्टर हवा होता. टीम घरी जेवायला आली तेव्हा मी माहितीपत्रक मिरवलं. नाना चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या कंपनीत बग निघाला की नवा कॉम्प्युटर आणतात वाटतं?" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. पण आत जो भडका उडाला — बापाच्या एका वाक्यावर पस्तिशीतल्या माणसानं इतकं पेटावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फिरायला गेले. बायको माहेरी होती. टाकी धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर मी ओंजळभर घेतली आणि — चुकून नाही — पिंपात ओतली. वासाची भीती नव्हती. कारखान्यातल्या रसायनांनी नानांचं नाक केव्हाच गेलं होतं. तेही मी धरून चाललो होतो.

मासे उसळायला लागले. काठाच्या दगडावर आपटत होते, कल्ल्यांतून रक्त येत होतं. मी बघत उभा राहिलो. बरं वाटत होतं मला.

नाना परतले तेव्हा नऊही पोटं वर. मी ओरडलो, तुमच्या या डबड्यानं मारलं त्यांना — आणि पहार उचलली. पहिल्या घावात पिंप फुटलं. आतलं बघू दे, म्हणत ते हात पुढे करून मध्ये आले. मी थांबलो का? पहार मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज ऐकला, आणि त्यानंतरही पिंपावर दोन घाव घातले.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, पाय घसरला. रिक्षात मला एवढंच म्हणाले, "कोळसा बदलायला हवा होता रे. माझंच चुकलं."

तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो. परदेशी फिल्टर आला. नानांनी पुन्हा पाना हातात धरला नाही. घरातला नळ गळला तरी म्हणायचे, प्लंबरला बोलव, माझ्या हाताचं काही खरं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, त्यांनी विचारलं, "कोळशामुळेच मेले ना रे ते?"

त्यांचं वाकडं मनगट माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "हो, नाना."