खोताची ओटी

खोताचं जुनं घर मी विकत घेतलं तेव्हा वडखळपासून पेणपर्यंत ज्याने त्याने मला वेड्यात काढलं. धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये नोकरी, मग रोह्याला छानसा फ्लॅट घ्यायचा सोडून ही तुळयांची आणि कौलांची कटकट कशाला? पण मला तेच घर हवं होतं. त्या खोताच्या मिठागरात माझ्या बाबाचं अर्धं आयुष्य गेलं. काही कामाने इथे यायची वेळ आली की तो आणि त्याचा बाप खाली अंगणात उभे राहत. मिठागरातल्या माणसाने ओटीवर चढायची रीत नव्हती.

एवढं मोठं घर राखणं सोपं नाही, पण मला जमतं. उन्हाळ्यात कौलं परतून घेतली, वाळवीने खाल्लेली तुळई बदलली, सुताराशी दोनदा भांडले आणि दोन्ही वेळा जिंकले. हरले ती फक्त बाबापुढे. तो रोज यायचा आणि अंगणातल्या फणसाखाली बसायचा.

"बाबा, वर ये."

"नाय गो, हितं वारा बरा हाय."

मी ओटीवर पंखा लावला. तरी वारा खालीच बरा! तो वर येत नाही तोवर हे घर आपलं झालं, असं मला काही वाटेना.

ओटीवर आधीच्या लोकांनी गुळगुळीत लादी बसवली होती. पावसाळ्यात तिला पाणी सुटायचं. मी ती उखडून टाकली आणि पूर्वीसारखी मातीची जमीन करायला घेतली. सुट्टीच्या दिवशी माती पसरली, पाणी शिंपडलं आणि स्वतःच तुडवायला लागले. मिठागरातल्या वाफ्याचा तळ असाच पायांनी तुडवून घट्ट करतात. बाबा खालून बघत होता. मी मुद्दाम वाईट तुडवत होते की मला खरंच येत नव्हतं, ते मी आजही सांगणार नाही.

"टाचेवर जोर दे गो! नाचतेस काय?"

मी आणखी नाचले. तेव्हा तो उठला, लुंगी खोचली आणि मला शिव्या घालत पायऱ्या चढून वर आला. मला बाजूला सारून तुडवायला लागला. मी त्याच्या पायांपुढे पाणी शिंपडत राहिले.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. मला घर विकणारे खोतांचे नातू, पनवेलचे मास्तर, काम बघायला आले होते. ओटीवरचा चिखल बघून ते पायरीखालीच थांबले. बाबाचे पायही थांबले. आता हा खाली उतरणार, असं मला वाटलं.

त्याने घाम पुसला. "या मास्तर, वर या," तो म्हणाला. "कडेकडेनं या, मधी वली हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघत काय ऱ्हायलीस गो? आपल्या घरी पावना आलाय. च्या ठेव."

मी स्वयंपाकघरात जाऊन आधी पोटभर रडले, मग चहा ठेवला.