दादाला शेत दाखवलं तेव्हा

दादाच्या अंगावर ट्रॅक्टर उलटला त्याला आता काही वर्षं झाली. कमरेखालचं अंग तेव्हापासून गेलेलं. आमचं गाव झरीच्या पुढं. शेत घरापासून लांब नाही, पण मधे ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं काळ्या मातीची वाट. चाकाची खुर्ची तिथं जात नाही. सुरुवातीला भावकीतले लोक त्याला उचलून न्यायला यायचे. एकदा तो म्हणाला, "मयतावानी चौघांच्या खांद्यावर रोज जाऊ का आता?" त्यानंतर कुणी आलं नाही. शेत वहिनी एकटी बघायला लागली.

मी परभणीला कॉलेजात शिकवतो. सुटे भाग आणून चार पंख्यांचं ड्रोन जुळवत होतो, ते त्याला सहज सांगितलं. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याकडं वळून बोलला.

"शेत दिसंल का रं त्याच्यातून?"

"दिसेल की. मोबाइलवर."

"मग आण हिकडं."

पहिल्याच खेपेला ड्रोन जमिनीवरून उठलं न उठलं तोच एका अंगावर उलटलं आणि दोन पंखे तुटून अंगणभर उडाले. एक तुकडा दादाच्या खुर्चीला लागला. तो हसला, पण मी रिमोट खाली ठेवला. पाय हलत नसलेल्या माणसाला बाजूला सरकता येत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

त्यानंतर मी घाई सोडली. सगळे पंखे काढून ठेवले. प्रत्येक मोटारीला चिकटपट्टीचा तुकडा लावून ती कोणत्या बाजूनं फिरते ते पाहिलं. दोन पंख्यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. उलटण्याचं कारण तेच. ते दुरुस्त केलं तरी ड्रोन हवेत अडखळायचं. एकेक वायर हलवून पाहिली, तेव्हा एका मोटारीच्या वायरीचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, कच्चा निघाला. जोर आला की तिथली वीज तुटत होती. तो पुन्हा पक्का केला. रिमोट मुद्दाम बंद करून मोटारी आपोआप थांबतात का, हेही पंखे न लावताच तपासलं. बॅटरी पेटलीच तर म्हणून ती वाळूच्या घमेल्यात ठेवून चार्ज करायचो. मग ड्रोन दोरीनं दगडाला बांधून, दादाला दाराआड बसवून, गुडघाभर उंचीवर तरंगत ठेवलं. दर शनिवारी गावी जाऊन हेच करत होतो. दादा दाराच्या फटीतून बघायचा आणि विचारायचा, "आज?"

"आज नाही."

हरभरा घाट्यांवर आला तेव्हा ड्रोन सरळ उडायला लागलं. त्या दिवशी वारा नव्हता. शाळेमागच्या मोकळ्या रानात दादाची खुर्ची नेली, मोबाइल त्याच्या हातात दिला आणि ड्रोन ओढ्यावरून सोडलं. माणसाच्या डोक्यावरून न्यायचं नाही म्हणून बांधाच्या कडेकडेनं, उंचावर ठेवलं.

"ही आपली हिर," दादा म्हणाला. "पाणी हाय अजून. हा बांध कुणी फोडला?" त्याचा आवाज उघडला होता, जुन्यासारखा. मग त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

मी वाकून पाहिलं. फवारणीचा पंप बाजूला पडला होता आणि वहिनी बांधावर बसली होती. नुसती. दोन्ही हात कमरेवर, मान खाली.

"थांबव तिथंच," दादा म्हणाला.

आम्ही बघत राहिलो. ती हलली नाही. मग आवाज तिच्या कानावर गेला असावा. तिनं वर पाहिलं, लगबगीनं उठली, पदर खोचला, पंप पाठीवर घेतला आणि ओळीत चालायला लागली.

"आपण बघायलोय म्हणून उठली ती," दादा म्हणाला. "खाली आण."

"अजून बॅटरी आहे."

"आण म्हणलं ना खाली!"

त्या उन्हाळ्यात त्यानं शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. वहिनीला कळलं ते बोलणी पक्की झाल्यावर. मी तेव्हा घरात होतो. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ती चुलीपुढून उठून दारात आली.

"मला इचारलं का?"

"तुझी कंबर मोडायलीय. पाह्यलं मी."

"मोडू द्या की. दिवसातनं तेवढंच मी या घराच्या बाहीर असते. बांधावर बसले तर बसले, तिथं मला कुणी हाका मारत न्हाई."

मी चप्पल घालून बाहेर आलो, तेव्हा ती आत भांडी आवरत होती, नेहमीसारखीच, आवाज न करता.

बटईदार चांगला आहे. धान्य वेळेवर येतं. वहिनी आता दुसऱ्यांच्या रानात निंदणी-खुरपणीला रोजानं जाते; सकाळी दादाचं सगळं करून निघते, दिवस मावळता येते. कुणाच्या रानात ते दादा विचारत नाही. मी गेलो की तो खुर्ची दारातून आत घे म्हणतो आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. ड्रोन त्याच्या पलंगाखालीच होतं, पंखे काढलेलं. गेल्या खेपेला ते मी परभणीला घेऊन आलो. त्यानं अडवलं नाही.