लूम थांबले तेव्हा

काल शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासासरशी मी थेट भिवंडीच्या आमच्या शाळेत जाऊन उभी राहिले! बाईंनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली पत्र्याची शाळा, आणि भिंतीला भिंत लावून पॉवरलूमचा कारखाना. तेलाचा तो वास दिवसभर वर्गात असायचा. लूमच्या खडखडाटात आम्ही रोज सकाळी शाळेचं ब्रीद अक्षरशः बोंबलत म्हणायचो, "दारात येईल त्याची ही शाळा!" तरी रांगेत शेजारी उभ्या मुलीचा आवाज ऐकू यायचा नाही.

एक दिवस ब्रीद म्हणता म्हणता लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि आमचं "ही शाळा!" वस्तीभर घुमलं. अंगावर काटाच आला माझ्या. एवढा मोठा आवाज आमचा होता?

कारखान्यातले कामगार बाहेर आले. केसांत कापूस अडकलेले एक चाचा हसत म्हणाले, "अच्छा, रोज ये बोलते हो तुम लोग?" मग जरा अडखळत, "टीचर, मेरी शबनम को भी लोगे क्या?"

"आत्ता ऐकलंत ना? मग विचारता काय? घेऊन या!" बाई म्हणाल्या.

शबनम अनवाणीच पळत आली. वर्गात बाईंनी तिला माझा बाक दाखवला. खिडकीजवळच्या त्या बाकावर मी कुणालाच बसू देत नसे. ब्रीद मात्र सगळ्यात मोठ्याने मीच ओरडायचे. ते मलाही सांगितलेलं आहे, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

मी सरकले.