बोंड

परभणीत, जिंतूर रोडवरच्या आमच्या चौकात, लोखंडी पत्र्याचं एक मोठं शिल्प आहे. ते कापसाचं अर्धवट उमललेलं बोंड आहे. हे मला सांगावं लागतं, यातच सगळं आलं. अख्खं गाव त्याला कांदा म्हणतं.

ते माझ्या बाबांनी केलं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या आणि शटरं केली. चौक सुशोभित करायचं काम निघालं, तेव्हा पोखर्णीहून मामाच्या शेतातून एक बोंड आणून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि दोन महिने त्याच्याकडं बघत पत्रा वाकवला. बाहेर आलेला कापूस कुणालाही ओळखता येतो, म्हणायचे, आपण नुसतं तडकलेलं दाखवू. तिथंच घात झाला.

उद्घाटनाला शिल्पावरचं कापड निघालं आणि गर्दीतली एक बाई म्हणाली, "अगं बया, कांदा केलाय व्हय." आठ दिवसांत ऑटोवाले ओरडायला लागले, "चला कांदा, कांदा, दोन शीट." बोंडं वेचून ज्यांची बोटं चिरलीत, त्यांनासुद्धा तो कांदाच दिसावा? गाढवाला गुळाची चव काय म्हणावं, तर ही सगळी आपलीच माणसं. तेव्हा लय राग यायचा. आता तोही येत नाही.

बाबा मात्र हट्टी. ऑटोत बसले की म्हणायचे, "बोंडापाशी थांब."

"कोणतं बोंड, काका?"

मग ते एक चौक अलीकडंच उतरायचे आणि दुखरे गुडघे ओढत घरी यायचे, पण कांदा हा शब्द तोंडातून काढला नाही. शेवटच्या आजारात अंथरुणावरून रोज मला विचारायचे, "कुणी म्हणलं का गं, बोंड?"

"न्हाई, बाबा," मी म्हणायचे. एकदा खोटं बोलले असते तर माझं काय बिघडलं असतं?

ते गेले त्या दिवशी जिंतूरहून निघालेल्या आत्याचा एसटीतून फोन आला. रडत होती. कुठं उतरू, विचारत होती.

"बोंडापाशी उतर," मी म्हणाले.

"ते कुठं आलं? कंडक्टरला काय सांगू?"

मी परत तेच सांगितलं. तिला कळेना. गाडी गावात शिरली होती. बाबांना अंगणात निजवलं होतं, माझ्यापासून दोन हातांवर.

"कांद्यापाशी उतर, आत्या," मी म्हणाले.