आपलं दुकान बंद

ती पोटावर चापट मारायची आणि हसत म्हणायची, "आपलं दुकान बंद!"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काही उमगलं नाही. माझी पिठाची गिरणी नेवाशाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. दिवाळी झाली की समोरच्या माळावर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि संध्याकाळी टोळीतल्या बायका बाजरीचे डबे घेऊन दळायला येतात. ही त्यांतलीच, पाथर्डीकडची. त्या दिवशी बायकांत पाळीचा विषय चालला होता, आणि मध्येच हिची चापट.

"पिशवीच काढली ताई. दोन लेकरं झाली, आता काय करायची? ना पाळीची कटकट, ना खाडा."

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. बाई एक दिवस बसली की अख्ख्या कोयत्याचा खाडा पडतो आणि मुकादम दंड लावतो. हे मला ठाऊक होतं. पण बाई तिशीचीसुद्धा नव्हती.

"एवढ्या लवकर का गं काढलीस?"

"डॉक्टर म्हनला, खराब झालीया, ठिवली तर कॅन्सर हुईल. मग कशाला ठिवायची?"

"काही तपासलं तरी होतं का त्यानं?"

"पोट दाबून बघितलं की!"

पोट दाबून! मी हबकलेच. ती मात्र पिठाची चिमूट बोटांत चोळून बघत होती. "जरा जाड झालं ताई," म्हणाली.

तुम्ही कधी गिरणीसमोरची रांग पाहिली असेल तर तुम्हाला माहीत असेल, तिथंही मानपान असतो. गावातल्या बायकांचे गव्हाचे डबे पुढे, टोळीतल्यांची बाजरी शेवटी. कान तुटलेला हिचा डबा आधी आला असला तरी कुणीतरी पायानं मागे सरकवायचं. मी कावायचे. तीच मला थोपवायची. "असू द्या वो. गव्हामागनं दळली की बाजरी गोड लागती." आणि भुवयांवर पीठ घेऊन, "बगा, इथं उभं ऱ्हाऊन म्हातारी झाले," म्हणत सगळ्यांना हसवायची. जिनं डबा सरकवलेला असायचा तीही हसायची.

हंगामामागून हंगाम ती येत राहिली. थोरली लेक लग्न होऊन जावयाबरोबर त्याच टोळीत आली. मग एका पौषात आमच्या शाळेत बायकांच्या कॅन्सर तपासणीचं शिबिर भरलं. मी हिला ओढतच नेलं. दारात नोंद करणाऱ्या बाई म्हणाल्या, "टोळीतल्यांची तपासणी त्यांच्या त्यांच्या गावाला होते."

"आमच्या गावाला बी पौषातच येत्यात म्हनं," ही मला म्हणाली. "तवा घराघराला कुलपं असत्यात."

मी भांडून तिला आत घुसवलं. आणि ती दोन मिनिटांत बाहेर. तिथं फक्त पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. पिशवी आहे का विचारलं, काढली म्हटल्यावर पुढच्या बाईला हाक मारली.

"बगा ताई, त्यांनी बी सांगितलं. दुकान बंद!"

त्याच हंगामात शिमग्याच्या सुमाराला डबा डोक्यावर घेताना तिचा उजवा हात वर जाईना. काय झालं म्हणून मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिनं सहज माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. गाठ. सुपारीसारखी टणक. वरची कातडी आत ओढलेली.

"अगं, कधीपासून?"

"झालं की वर्स-दीड वर्स. दुखत न्हाई, म्हनून ऱ्हाऊ दिली."

"आणि कॅन्सर असला म्हणजे?"

तिला माझ्या अडाणीपणाचं हसू आलं. "त्यो पिशवीला हुतो ताई. माजी तर काढलीया."

ज्या रोगाचा धाक दाखवून हिचं पोट फाडलं, तो रोग आणखी कुठं होऊ शकतो हे हिला एका माणसानं सांगितलं नव्हतं. चार शब्दांचं तर काम होतं!

गिरणी बंद ठेवून मी तिला एसटीनं नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या. पिशवीची हकीकत ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि गाठ तपासून छातीचा फोटो, सोनोग्राफी सगळं त्याच दिवशी करवून घेतलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फार उशीर झालाय हो."

परतताना घोडेगाव येईस्तोवर मी तिला सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "माजं जाऊ द्या. पोरीला ह्ये हुया नगं. तिला तेवढं समजावून ठिवा."

मी दुसऱ्याच दिवशी कोपीत गेले. लेकीला जवळ बसवून गाठ कशी चाचपायची ते दाखवलं आणि म्हटलं, "गावी गेलीस की डॉक्टरकडून एकदा तपासून घे." तिनं मान हलवली.

टोळी गावी परतली. पावसाळ्यात फोन आला, ती गेली म्हणून. त्या संध्याकाळी मी गिरणी उघडली नाही.

यंदा दिवाळीनंतर कोप्या पुन्हा उभ्या राहिल्या. रांगेच्या शेवटी तिचाच डबा दिसला, तोच कान तुटलेला. डब्यामागं तिची लेक. विशीतली पोर, पण कंबरेला हात लावून उभी.

"तुझी तब्येत बरी आहे ना गं?"

"व्हय. तुमी म्हनला हुता तशी डॉक्टरकडं गेल्ते मी. आईच्या वेळचाच डॉक्टर हाय. त्यो म्हनला, आईला कॅन्सर हुता, म्हंजी तुला बी हुनार." तिनं हळूच पोटावर हात ठेवला. "काढली पिशवी. आता भ्या न्हाई."

पट्टा फिरत होता, वरून धान्य संपलं होतं, तरी मला खटका बंद करायचं भान राहिलं नाही. मग मी रांगेतले गव्हाचे सगळे डबे बाजूला सारले आणि तिची बाजरी आधी ओतली. मागं कुणीतरी कुरकुरलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.